एकेचाळिसाव्या खणातले स्केट्स

आर्लीन निएमेला माणसाचे पाय आधी बघते आणि चेहरा मागाहून. कॉलेजच्या बर्फाच्या रिंकवर, स्केट्स भाड्याने द्यायच्या काउंटरमागे सव्वीस वर्षं उभं राहिल्यावर दुसरं काय होणार? दारातून आत येणाऱ्या पोराला आठ नंबर लागेल की साडेआठ, हे ती त्याने तोंड उघडायच्या आत सांगते. गावात कुणी विचारलं की अमक्याचा मुलगा तुला माहीत आहे का, तर ती क्षणभर थांबते आणि म्हणते, "उजवा पाय जरा आत टाकतो, तोच ना?" आणि तो तोच असतो.

मिशिगनच्या अगदी वरच्या टोकाला आमचं हे कॉलेज. इथे बर्फ ऑक्टोबरात मुक्कामाला येतो आणि एप्रिल संपत आला तरी उठायचं नाव घेत नाही. त्यामुळे रिंकवर न येणारा विद्यार्थी इथे सापडणं कठीण. आणि रिंकवर आलं की आर्लीनच्या हाताखालून गेल्याशिवाय सुटका नाही.

तिच्या काउंटरचा नियम एकच. स्केट्स हवेत तर पायातले बूट द्यायचे. बूट मागच्या भिंतीवरच्या खणात जातात. साठ खण आहेत, प्रत्येकावर रंगवलेला आकडा. स्केट्स परत आले की बूट परत. सही नाही, ओळखपत्र नाही, काही नाही. बाहेर गुडघाभर बर्फ असताना मोज्यांवर पळून जाणारा माणूस अजून जन्माला यायचाय. काउंटरच्या कडेला एक टोपली असते, तिच्यात लोकरीचे मोजे. हे मोजे आर्लीन उन्हाळाभर विणते, कारण विशीतल्या पोरांना थंडीत कसले मोजे घालावेत याची अक्कल नसते असं तिचं ठाम मत आहे, आणि ते खरंही आहे.

रिंक बंद करायची वेळ झाली की ती बर्फाकडे बघत नाही, खणांकडे बघते. एक जरी बूट उरला असेल तर कुणीतरी अजून आत आहे. मग दिवे घालवायचे नाहीत. एकदा एक पोरगा मैत्रिणीच्या नादात तिच्या भावाचे जादा बूट घालून घरी गेला आणि आर्लीन त्याच्या बुटांपायी दीड तास खुर्चीवर बसून राहिली. रिंकचा व्यवस्थापक ड्वेन शौचालयांपासून वरच्या बाकांपर्यंत सगळं शोधून आला. दुसऱ्या दिवशी त्या पोराला तिने असं काही फैलावर घेतलं की तो पदवी घेईपर्यंत आपले बूट दोनदा तपासून जायचा.

आमची माणसं तशी भली, पण एक खोड वाईट. विचारत नाहीत. इथल्या निम्म्या घरांत फिनलंडहून आलेल्या आजोबा-पणजोबांचं रक्त आहे, आणि त्या मंडळींनी बोलणं बहुतेक बोटीतच सोडून दिलं असावं. कसं चाललंय म्हटलं की "बरं चाललंय." घर जळालं तरी "बरं चाललंय." कुणी काही दिलं तर घ्यायचं, छान आहे म्हणायचं, आणि बदल्यात काहीतरी भाजून द्यायचं. का दिलंस, हे विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरणं. आर्लीनही याच मुशीतली. याच चांगुलपणाने तिचा घात केला.

नऊ वर्षांपूर्वी मार्चमध्ये टोबिन नावाचा एक मुलगा काउंटरवर आला. कॉलेजच्या हॉकी संघातला, गालावर खळी असलेला. त्याने आपले स्केट्स समोर ठेवले आणि म्हणाला, "कुणाला तरी देऊन टाका. मला आता लागणार नाहीत."

खरं तर आर्लीनला तिथेच कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नसतं कळलं, पण तिला हवं होतं. हॉकीचे चांगले स्केट्स भट्टीत तापवून मऊ करतात आणि तसेच गरम असताना पायात घालून बसवतात. मग तो बूट त्या पायाचा होतो, त्याच्या घोट्याचा, त्याच्या टाचेचा. दुसऱ्याने घातला तर फोड येतात. टोबिनचे स्केट्स तिने स्वतः, आपल्या हाताने, त्याच्या पायावर दाबून बसवले होते. ते "कुणाला तरी" देण्यात काही अर्थच नव्हता.

पण ती म्हणाली, "किती चांगला मुलगा आहेस रे." आणि त्याला सकाळीच भाजलेला वेलचीचा गोड पाव कागदात गुंडाळून दिला. त्याने थँक यू म्हटलं, पाव हुंगला आणि हसून गेला. चौथ्या दिवशी टोबिन गेल्याची बातमी आली. त्याने स्वतःच आपलं आयुष्य संपवलं होतं.

आर्लीन दोन आठवडे कामावर आली नाही. आली तेव्हा तिने टोबिनचे स्केट्स खणांच्या वरच्या फळीवर ठेवले आणि त्यांच्याबद्दल कुणाशी चकार शब्द काढला नाही. कुणी विचारलंही नाही. आमची माणसं!

त्याच वर्षी कॉलेजने कर्मचाऱ्यांसाठी दोन तासांचं एक प्रशिक्षण ठेवलं. शिकवायला समुपदेशन केंद्रातली इमानी ग्रीअर होती. ती डेट्रॉइटची, म्हणजे मनात येईल ते तोंडावर बोलणारी. आमच्या लोकांना तिची थोडी भीतीच वाटायची. ती म्हणाली, "कुणाची काळजी वाटली तर सरळ विचारायचं. शब्द गाळायचा नाही. 'काही वेडंवाकडं तर करणार नाहीस ना,' असं विचारलंत की समोरचा तुमच्या समाधानासाठी 'नाही' म्हणतो आणि विषय संपतो. विचारा, आत्महत्येचा विचार मनात येतोय का?"

खोलीत चाळीस माणसं होती आणि चाळिसांनी आपापल्या बुटांकडे बघितलं. आर्लीनने हात वर केला, ही तिच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असेल. "पण असं विचारलं आणि त्याच्या मनात नसलेलं आपणच घातलं तर?"

"नाही घातलं जात," इमानी म्हणाली. "विचारल्याने विचार येत नाही. उलट ज्याच्या मनात असतो, त्याला बहुतेक वेळा हायसं वाटतं, की चला, कुणीतरी ऐकायला तयार आहे. आणि विचारून झालं की त्याला एकटं सोडायचं नाही. आमच्यापर्यंत आणायचं. पुढचं आम्ही बघू."

मग प्रत्येकाने शेजाऱ्याला तो प्रश्न विचारून बघायचा होता. आर्लीनने शेजाऱ्याला कॉफी हवी का, एवढंच विचारलं. इमानीने सांगितलं, घरी सराव करा, आरशासमोर. आर्लीनच्या घरात आरसा न्हाणीघरात, आणि सकाळी न्हाणीघर नवऱ्याच्या ताब्यात. म्हणून ती गॅरेजमध्ये गेली आणि तिथल्या बर्फ उडवायच्या यंत्रासमोर उभी राहिली. एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली, पाचव्यांदा आवाज जरा सरळ झाला. मागे वळून बघते तर दारात रे. तिचा नवरा, तालुक्याच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलायच्या ट्रकवर तीस वर्षं काढलेला माणूस.

"त्याचा नुसता पट्टा तुटलाय गं," रे म्हणाला. "एवढं मनाला लावून घ्यायला नको."

आर्लीन हसली, मग हसता हसता रडायलाच लागली आणि त्याला सगळं सांगून बसली. रेने ऐकून घेतलं. "आर्वोकाकाला कुणी असं विचारलं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि आर्वोकाका कसा गेला, हे तिला त्या दिवशी कळलं.

त्यानंतर आर्लीनने तो प्रश्न किती जणांना विचारला, याची तिने गणती ठेवली नाही. बहुतेकांनी नाही म्हटलं, आणि ते खरंच होतं. एक जण भडकला आणि महिनाभर रिंकवर फिरकला नाही. पोरं तिला आडनावाच्या आद्याक्षरावरून मिसेस एन म्हणतात. एक जण म्हणाला, "मी ठीक आहे मिसेस एन, पण माझ्या खोलीतल्या दोस्ताला विचारायला हवं," आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन आला. दोस्ताला स्केटिंग येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. तरी त्याने बूट काढले, टोपलीतले मोजे घातले आणि तासभर स्टुलावर बसून बोलला. पुढे आर्लीन त्याला घेऊन इमानीकडे गेली. ती कधी नुसता पत्ता देत नाही. काउंटरवर 'आलेच' अशी पाटी लावते आणि सोबत जाते.

आता ब्रिनचं.

फेब्रुवारीतला मंगळवार, दुपारचे अडीच. बर्फ सारखा करणारं यंत्र रिंकवर घुमत होतं, काउंटरवर कुणी नव्हतं. ब्रिन होलंड आत आली. दुसऱ्या वर्षाची, मुलींच्या संघात बचावाला खेळायची. पण तीन आठवडे सरावाला आली नव्हती. तिने पिशवी काउंटरवर ठेवली.

"मिसेस एन, हे घ्या. कुणाला बसतील त्याला देऊन टाका."

आर्लीनने पिशवी उघडली. सप्टेंबरमध्ये तिनेच भट्टीतून काढून ब्रिनच्या पायावर बसवलेले स्केट्स. डाव्या घोट्याच्या हाडाला जागा करून दिलेली, तो उंचवटा अजून दिसत होता. आणि गंमत म्हणजे, किंवा गंमत नाहीच, तिच्या ओठांवर पहिलं वाक्य तेच आलं, किती चांगली मुलगी आहेस. एवढ्या वर्षांनी! तिने ते गिळलं.

"बरं. मी घेतले," ती म्हणाली.

"मग निघते मी."

"निघतेस कुठे? धार बघ काय झालीय ही. अशी वस्तू मी कुणाच्या पायात देत नसते. धार लावते, मग एक चक्कर मारून दाखव, टाच हलतेय का बघू. बूट काढ."

"माझे बूट कशाला? स्केट्स माझेच तर आहेत."

"तुझे होते. आत्ताच दिलेस ना मला? आता माझे झाले. आणि माझे स्केट्स घालायचे तर बूट ठेवावे लागतात. उद्या राष्ट्राध्यक्ष आले तरी नियम तोच."

ब्रिनच्या ओठाचा एक कोपरा हलला. वाद घालायचंही त्राण तिच्यात नव्हतं. तिने बूट काढून दिले. आर्लीनने ते एकेचाळिसाव्या खणात ठेवले, तिला जाड मोजे दिले आणि धार लावायच्या यंत्राशेजारच्या स्टुलावर बसवलं. स्वतः पाठ करून उभी राहिली आणि डावा स्केट धारेच्या चाकावर धरला. ठिणग्या उडाल्या. दोन फेऱ्या झाल्या आणि तिने हात थांबवला. मागे न बघताच बोलली.

"ब्रिन, एक मुलगा असाच आपले स्केट्स देऊन गेला होता. तेव्हा मी विचारलं नाही. म्हणून तुला सरळ विचारते. आत्महत्या करायचा विचार मनात येतोय का तुझ्या?"

"छे हो! काहीतरीच काय!" ब्रिन हसली. उत्तर फार पटकन आलं होतं.

"बरं," आर्लीन म्हणाली. "बस तू. मला घाई नाही. ही धार सावकाशच लागते."

हे साफ खोटं होतं. पाच मिनिटांचं काम. पण आर्लीनने डावा केला, उजवा केला आणि पुन्हा डावा चाकावर धरला. सव्वीस वर्षांत तिने कुणाचं चांगलं पोलाद असं वाया घालवलं नव्हतं. रिंकवरचं यंत्र बाहेर निघून गेलं. तिने उजवा पुन्हा घेतला, मग तिसऱ्यांदा डावा. चाक थांबलं तेव्हा मागून आवाज आला.

"हो."

आर्लीनने यंत्र बंद केलं. वळली. दुसरं स्टूल ओढून ती ब्रिनशेजारी बसली.

"केव्हापासून?"

"नाताळपासून. आधी रोज नव्हता येत." ब्रिन मोज्यांकडे बघत बोलत होती. "झोप येत नाही. अभ्यास डोक्यात जात नाही. घरी सांगावं तर आई घाबरेल. एकच गोष्ट असती ना, तर मी कुणाला सांगितलं असतं. काय सांगू? सगळंच."

"आज काही करायचं ठरवलं होतंस?"

ब्रिनने खांदे उडवले. "माहीत नाही. म्हणूनच इथे आले बहुतेक."

आर्लीनने तिला तुझं सगळं कसं छान आहे, असं सांगितलं नाही. आईचा विचार कर, असंही म्हणाली नाही. ती म्हणाली, "सांगितलंस ते फार बरं केलंस. तू असायला हवी आहेस, ब्रिन. मी आता इमानीला फोन लावते, तुझ्यासमोरच. मग आपण दोघी जाऊ."

"चार वाजता वर्ग आहे माझा."

"वर्ग कुठे पळून जात नाही."

"आणि तुम्ही काउंटर सोडून येणार? ड्वेन ओरडेल."

"ड्वेनला ओरडायचाच पगार मिळतो."

"आणि मी नाही आले तर?"

"मग मी इथेच बसते तुझ्याबरोबर. बूट माझ्याकडेच आहेत."

ब्रिनला हसू फुटलं आणि त्याच दमात रडू आलं. तिने मागितले असते तर आर्लीनने बूट तत्काळ दिले असते. पण ब्रिनने मागितले नाहीत. ती आर्लीनच्या खांद्यावर डोकं टेकून, फोन होईपर्यंत, रडत राहिली.

मग आर्लीनने खणातले बूट काढून दिले, त्यांच्या जागी स्केट्स ठेवले आणि दोघी बर्फातून चालत गेल्या. इमानी दारातच उभी होती. ब्रिनने तिथूनच आपल्या बहिणीला फोन केला, ती चार तासांच्या अंतरावरून निघाली. ती येईपर्यंत आर्लीन बाहेरच्या खुर्चीवर बसून होती. इकडे ड्वेनने तिच्या जागी उभं राहून अकरा जणांना चुकीच्या नंबरचे स्केट्स दिले आणि खरोखरच ओरडला, पण का सोडून गेली होती ते कळल्यावर पुन्हा त्याचं नावही काढलं नाही.

मग काही नाही. बातमीच नाही. समुपदेशन केंद्राचं दार बंद झालं की आतलं बाहेर येत नाही. यायलाही नको, नाहीतर पोरं जातील कशी? आर्लीनला हे पटत होतं आणि सहनही होत नव्हतं. टोबिनच्या वेळी चौथ्या दिवशी कळलं होतं. ब्रिनला केंद्रात सोडून चार दिवस झाले, पाच झाले, आर्लीन रोज सकाळी कॉफीबरोबर स्थानिक वर्तमानपत्राचं शेवटून दुसरं पान उघडायची आणि निधनवार्तांतली नावं वाचायची. कुणाकडून तरी एवढंच समजलं की ब्रिन सत्र सोडून घरी गेली आहे. किराणा दुकानात रांगेत इमानी भेटली.

"ती मुलगी?" आर्लीनने विचारलं.

"आर्लीन, मला सांगता येत नाही. तुला माहीत आहे."

"माहीत आहे. तरी विचारलं."

इमानीने तिचा दंड दाबला आणि आपलं सामान उचलून गेली. त्या दाबण्याचा अर्थ काय, यावर आर्लीनने आठवडाभर रेचं डोकं खाल्लं.

ब्रिनचे स्केट्स एकेचाळिसाव्या खणातच होते. मे महिन्यात खण धुऊन काढतात, तेव्हा ड्वेन म्हणाला, "हा पण रिकामा कर."

"त्यांची मालकीण यायची आहे."

"ती तर देऊन गेली म्हणालीस."

"घाईत दिले होते."

उन्हाळा गेला. आर्लीनने मोजे विणले. सप्टेंबरात नवी पोरं आली, त्यांचे स्केट्स तापवून बसवून दिले, आणि दर वेळी चाळीसनंतर तिचा हात बेचाळीसवर जायचा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी काउंटरवर मोठी रांग होती. आर्लीन पाय बघत नंबर देत होती, सात, साडेनऊ, अकरा. मग समोर दोन पाय आले, डावा घोटा जरा बाहेर. तिचा हात फळीवर तसाच राहिला. वर बघायला तिला धीर करावा लागला.

ब्रिनने केस अगदी बारीक कापले होते. "मिसेस एन," ती म्हणाली, "माझे स्केट्स परत हवेत."

"मला दिले होतेस ना?"

"दिले होते. आता हवेत."

आर्लीन वळली आणि एकेचाळिसाव्या खणासमोर गरजेपेक्षा बराच जास्त वेळ उभी राहिली. रांगेतली पोरं चुळबुळ करायला लागली. तिने डोळे बाहीला पुसले. "थांब, धार लावून देते."

"परत? तेव्हा किती वेळा लावलीत? अर्धं पातं खाल्लंत माझं. मला कळत होतं हं सगळं!"

"काय करणार? तू बोलायलाच तयार नव्हतीस."

रांग संपेपर्यंत ब्रिन थांबली. मग सांगितलं, घरी सहा महिने होते, डॉक्टर, औषधं, मधे दोन आठवडे फार वाईट गेले, तेव्हा स्वतःच डॉक्टरांना फोन केला. सप्टेंबरात कॉलेजला परतले, पण रिंकवर यायला दोन महिने लागले. आता दर गुरुवारी इमानीकडे जाते. सोमवार अजून जड जातात. हे ती कोरडेपणाने सांगत होती, आणि आर्लीनला ते ऐकताना इतका आनंद झाला होता की तिला धारेच्या यंत्रावर स्केट धरणारी पकड नीट आवळता येईना.

ब्रिनची नजर वरच्या फळीवर गेली.

"ते कुणाचे?"

नऊ वर्षांत साऱ्या कॉलेजने ते स्केट्स बघितले होते. ड्वेन त्यांच्यावरची धूळ झटकायचा. रे कधी जेवणाचा डबा द्यायला आला की वर बघायचा आणि हवामानाबद्दल बोलायचा. विचारलं कुणीच नव्हतं.

"टोबिनचे," आर्लीन म्हणाली. ते नाव मोठ्याने घेऊन किती दिवस झाले, तिला आठवेना.

ब्रिनने खाली वाकून बूट काढले, काउंटरवर ठेवले आणि मोज्यांवर जाऊन स्टुलावर बसली.

"सांगा," ती म्हणाली. "मला घाई नाही."

आर्लीनने बूट उचलून एकेचाळिसाव्या खणात ठेवले, यंत्र बंद केलं आणि तिच्यासमोर येऊन बसली.